सांता ओलायाचं फिरतं कपाट

एलिओदोरोला माणसं आवडत नसत, आणि पोटापाण्यासाठी त्यानं धंदा पत्करला तो माणसांना गाव दाखवायचा. छत्तीस वर्षं तो परगावच्या लोकांना तोलेदोच्या जुन्या गल्ल्यांतून चढवत-उतरवत होता. या छत्तीस वर्षांत आपल्याला एकही शहाणा माणूस भेटला नाही, असं तो स्वतःच सांगे. परदेशी परवडले, म्हणे. त्यांना काही कळत नाही, पण निदान ते गप्प बसतात. सगळ्यात वाईट म्हणजे आपल्याच देशातले सहलीला निघालेले पेन्शनर. यांना सगळं आधीच माहीत असतं, यांच्या गावातलं चर्च इथल्यापेक्षा मोठं असतं, आणि यांना दर अर्ध्या तासाला संडास लागतो.

त्या दिवशी असेच बेचाळीस जण लोग्रोन्योहून यायचे होते. ऑक्टोबरातली सकाळ होती. बस यायला तासभर होता म्हणून एलिओदोरो रोजच्यासारखा बासिलिओच्या बारमध्ये कॉफी घेत बसला होता. बासिलिओ त्याचा शाळेपासूनचा दोस्त. या माणसाशी इतकी वर्षं दोस्ती टिकवल्याबद्दल त्याला नगरपालिकेनं पदक द्यायला हवं होतं.

"आज तुझ्या शेळ्या कुठून नेणार?" बासिलिओनं फडक्यानं काउंटर पुसत विचारलं.

"रोज नेतो तिथूनच. ज्यूंची वस्ती, छताचे बोळ, मग सांता ओलाया."

"सांता ओलायाला नेणार म्हणतोस?"

"का? पोप येणारेय?"

बासिलिओनं तीच जागा पुन्हा पुसली. "हे बघ, मी सांगायचं की नाही ते मला कळत नव्हतं. पण आता सांगतो. उद्या सकाळी जातायत तिथल्या नन. मठ बंद होतोय. पाचच जणी उरल्यात, त्यातल्या तिघींना जिनाही चढवत नाही. लुगोला त्यांचा दुसरा मठ आहे, तिकडे नेतायत."

"कधी ठरलं हे?"

"झाले दोन महिने."

"दोन महिने! आणि मला आज सांगतोस?"

"तुला सांगायचं कुणी, बाबा? गेल्या हिवाळ्यात मठाचं छप्पर गळतंय एवढंच म्हटलं, तर तू कप आपटून निघून गेलास. कप माझा होता."

एलिओदोरोनं कप बशीत ठेवला, या वेळी न आपटता. सांता ओलायाच्या त्या पाच जणींतली सगळ्यात तरुण, सोर, म्हणजे सिस्टर, कासिल्दा ही त्याची मुलगी होती. एकुलती एक. आणि लुगो म्हणजे पार वरच्या कोपऱ्यात, मोटारीनं सहा तासांवर.

अकरा वर्षांपूर्वी कासिल्दानं गाईडची परीक्षा दिली आणि सबंध प्रांतात पहिली आली. एलिओदोरोनं तेव्हा सगळ्या गल्लीला दारू पाजली होती. बाप-लेकीच्या नावाची पाटीसुद्धा त्यानं रंगवून आणली होती. आणि महिन्याभरानं पोरगी जेवणाच्या टेबलावर म्हणाली, बाबा, मी सांता ओलायात जातेय. हा हसला. त्याला वाटलं, तिथला इतिहास लिहायला जातेय. इतिहास लिहायला नव्हे, कायमची राहायला जातेय हे कळल्यावर तो जे बोलला ते इथं लिहिण्यासारखं नाही. ज्या माणसानं जन्मात कधी प्रार्थना केली नाही, ज्याचा बाप आणि आजा पाद्री दिसला की रस्ता बदलत, त्याची पोर भिंतीआड जाऊन बसणार! त्याच्या दृष्टीनं हा देवाचा वगैरे प्रश्नच नव्हता. पोरीनं आपल्या तोंडावर दार लावलं, एवढंच त्याला दिसलं.

घरच्यांना भेटायची सोय होती. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तीन वाजता, भेटीच्या खोलीत, मधे लोखंडी जाळी. त्याची बायको ओब्दुलिया न चुकता जायची. "तुरुंगातल्या चोराला भेटतात तशी मी माझ्या मुलीला भेटणार नाही," असं तो म्हणाला आणि एकदाही गेला नाही. चार वर्षांपूर्वी ओब्दुलिया वारली. मठातल्या मोठ्या मदरनी कासिल्दाला दफनासाठी दोन तासांची परवानगी दिली होती. यानं बासिलिओकरवी निरोप पाठवला, तो डोक्यावरचा बुरखा काढून येणार असलीस तर ये. ती आली नाही. यानं मनात तो गुन्हा तिच्या नावावर लिहून टाकला, आणि आपण काय निरोप पाठवला होता ते सोयीस्कर विसरला.

पण गंमत बघा. हाच माणूस आठवड्यातून चार वेळा सांता ओलायाच्या दारात उभा असे. तिथल्या नन बदामाची मासापान नावाची मिठाई करून विकत. विकत घेणाऱ्याला त्या दिसत मात्र नाहीत. आत शिरल्यावर एक छोटी पडवी, आणि भिंतीत बसवलेलं लाकडाचं गोल फिरतं कपाट. घंटी वाजवायची, पलीकडून कुणी आलं की "नमो मारिया, अतिपवित्र" म्हणायचं, पलीकडून "पापाविना संभवलेली" असं उत्तर येतं, मग काय हवं ते सांगायचं. पैसे कपाटात ठेवले की कपाट फिरतं आणि मिठाईचा डबा समोर येतो. गेली सात वर्षं पलीकडचा तो आवाज कासिल्दाचा होता. एलिओदोरो स्वतः कधी घंटी वाजवत नसे. टोळीतल्या कुणाला तरी पुढे करी आणि आपण मागे उभा राहून ऐके. "अर्धा किलो की पाव?" एवढंच ऐकायला मिळे. कधी "सुट्टे आहेत का?" तेवढ्यावर तो पुढचे दोन दिवस काढी. हे कुणी त्याच्या तोंडावर म्हटलं असतं तर त्यानं त्याला तिथंच गाडला असता.

"मग?" बासिलिओनं विचारलं. "जाणार का भेटायला?"

"भेटायला कशाला? घेऊन येतो तिला." एलिओदोरो उठला. त्याच्या चेहऱ्यावर चक्क हसू होतं. "आता तर त्यांचंच दुकान उठलं. बघितलंस ना? मी काय म्हणत होतो अकरा वर्षं? खोली तिची तशीच आहे. जेवायला दोघांचं ठेव."

"एलिओदोरो, जरा गोड बोल हं तिच्याशी."

"मी गोडच बोलतो," तो म्हणाला, आणि दार आपटून गेला.

लोग्रोन्योची बस अर्धा तास उशिरा आली. उतरल्या उतरल्या पहिला प्रश्न आला, संडास कुठाय? दुसरा, जेवण किती वाजता? तिसरा कुणाच्या डोक्यात यायच्या आत एलिओदोरोनं हातातली छत्री उंच धरली आणि सगळ्यांना सरकत्या जिन्यांवरून वर गावात आणून सोडलं.

टोळीत विसितासिओन नावाची एक ऐंशीच्या घरातली बाई होती, हातात काठी, खांद्याला भलीमोठी पर्स. सगळे तिला विसीबाई म्हणत. ती सगळ्यात मागे चालायची आणि सगळ्यात जास्त बोलायची.

"अहो गाईड, जरा हळू! आमचे गुडघे आमच्याबरोबर आलेत."

"गाव टेकडीवर आहे बाई. टेकडी सपाट करायला दोन हजार वर्षांत कुणाला वेळ झाला नाही."

लोक हसले. याचाच तर राग यायचा त्याला. तो अपमान करायचा आणि हे हसायचे. तलवारींच्या दुकानासमोर तो म्हणाला, घ्या, घ्या, या तलवारीनं तुमचं पाकीटसुद्धा उघडणार नाही, तरी तिघांनी घेतल्या. ज्यूंच्या वस्तीत त्यानं एका उंबऱ्यातला साधा झिजका दगड दाखवून सांगितलं, की यावर डावा पाय ठेवला तर वर्षाच्या आत लग्न ठरतं. हा दगड त्याच्या लहानपणी कोळशाच्या वखारीत होता. बेचाळीसच्या बेचाळीस जणांनी ओळीनं डावा पाय ठेवला, त्यात पंधरा तर जोडपी होती.

"खोटं बोलताय ना?" विसीबाईनं त्याच्याजवळ येऊन हळूच विचारलं.

"साफ खोटं."

"बोला, बोला. आमचे हेही असेच थापा मारायचे. चाळीस वर्षं कशी गेली कळलं नाही मला." आणि तिनं मागे वळून सगळ्यांना ओरडून सांगितलं, "अहो, दगडाचं खोटं होतं ते!" लोकांनी त्यावर टाळ्या वाजवल्या. काय फाजील माणूस आहे, म्हणाले, पण सांगतो किती छान.

तिथून पुढे मात्र त्याचं लक्ष उडालं. छताच्या बोळात शिरल्यावर तो रोज घंटेची गोष्ट सांगे. सोडून गेलेल्या नवऱ्याच्या नावानं एका नवरीनं आपले सगळे दागिने वितळवून मठाची घंटा ओतवली, म्हणून ती आजही रडल्यासारखी वाजते, अशी. त्यानं ती सवयीनं सांगितली, पण डोक्यात दुसरंच चाललं होतं. पोरीची खोली झाडायला हवी. पांघरुणांना उन्हं दाखवायला हवीत. गाईडचा परवाना नव्याने काढायला तिला कुणाकडे न्यायचं? चौतीस म्हणजे काही वय नव्हे. लोक विचारतील तेव्हा काय सांगायचं तेही त्यानं ठरवून टाकलं. काही नाही सांगायचं. पोरगी परत आली, बस. कुणाच्या बापाचं काय जातं?

सांता ओलायाच्या दारावर वहीतल्या कागदाची चिठ्ठी चिकटवली होती. "मिठाई संपेपर्यंतच." अक्षर कासिल्दाचं होतं. शाळेत असल्यापासून तिचे 'स' असेच पाठीत वाकलेले.

दारात उभं राहून तो रोज एक वाक्य टाकत असे. आजही ते आपोआप तोंडातून निघालं. "या भिंतीमागे पाच बायकांनी स्वतःला जिवंत पुरून घेतलंय. पुरलेल्या बायका मिठाई मात्र उत्तम करतात." लोक हसले. विसीबाई हसली नाही. ती म्हणाली, "अहो, हळू. ऐकू जाईल आत."

"जाऊ दे की."

पडवीत एका वेळी सहा-सातच माणसं मावत. पहिली विसीबाईच आत घुसली. तिला मंत्र कुणी शिकवावा लागला नाही, तिच्या गावातही असं कपाट होतं. तिनं घंटी ओढली. पलीकडे फरशीवर सपाता वाजल्या.

"नमो मारिया, अतिपवित्र."

"पापाविना संभवलेली," कपाटातून आवाज आला.

एलिओदोरो एक पाऊल पुढे सरकला. रोज तो मागेच उभा असे.

विसीबाईनं स्वतःसाठी, सुनेसाठी, सुनेच्या आईसाठी आणि जिच्याशी बोलत नाही त्या शेजारणीसाठी डबे घेतले. मागच्यांनी जेमतेम आठ-दहा डबे घेतले असतील, तेवढ्यात आवाज म्हणाला, "संपलं हो. माफ करा. आता पुन्हा मिठाई होणार नाही." लोक कुरकुरले. एलिओदोरोनं सगळ्यांना मेंढरांसारखं बाहेर काढलं.

"बाहेर थांबा. पाच मिनिटं. वरती बघा, कौलं बघा, चारशे वर्षांची आहेत, काहीही बघा."

ते बोळात उभे राहिले. विसीबाईचे गुडघे संपले होते, ती दाराच्या आतल्या पायरीवर बसली ती उठलीच नाही. एलिओदोरोनं तिच्याकडे दुर्लक्ष केलं. तो कपाटाजवळ गेला, घंटी बिंटी काही न वाजवता त्यानं लाकडाला तोंड लावलं आणि बोलला.

"कासिल्दा."

"बोला, बाबा," ती पलीकडून म्हणाली.

अकरा वर्षांनी तो शब्द. पण वेळ साधून नीट बोलेल, तर तो एलिओदोरो कसला?

"झालं ना समाधान? ज्या घरासाठी बापाला लाथाडलंस त्या घरानं दोन महिन्यांत गाशा गुंडाळला. चल आता. सामान काय असेल ते घे. मी दाराशी उभा आहे."

"सामान काही नाही माझं."

"मग तशीच ये."

"बाबा, घंटा रडत नाही," कासिल्दा म्हणाली.

"काय?"

"घंटेची गोष्ट. सात वर्षं ऐकतेय मी. आमची घंटा रडत नाही, तिला तडा गेलाय, म्हणून तसा आवाज येतो. आणि कौलं चारशे वर्षांची नाहीत, मी आले त्याच्या आदल्या वर्षी बसवली. बिलं मी स्वतः बघितलीयत. पहिली आले होते मी परीक्षेत, विसरलात? हा बोळ अरुंद आहे, बाहेर शिंकलं तरी आत ऐकू येतं. जिवंत पुरलेल्या बायका म्हणालात ना आज? तेही ऐकलं. रोजच ऐकते. सोर एमेतेरियांना तर ते इतकं आवडतं, की तुमची वेळ झाली की त्या खुर्ची घेऊन येऊन बसतात. म्हणतात, आला गं तुझा बाप, बघू आज कसा शिव्या देतो."

आत कुणीतरी म्हातारं खोकल्यासारखं हसलं. म्हणजे आजही खुर्ची होतीच.

एलिओदोरोचे कान लाल झाले. छत्तीस वर्षं तो दुसऱ्यांना हसत आला होता. भिंतीपलीकडे पाच बायका आपल्याला हसतायत, हे त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं. "मस्करी करू नकोस. येतेस की नाही ते सांग."

"नाही."

"लुगोला जाऊन काय करणार? तिथं तरी कोण आहे?"

"या चौघी आहेत. त्यांना कोण अंघोळ घालणार? तुम्ही?"

"आणि मी? मी मेलो तर?"

त्याचा आवाज चढला होता. बाहेर बोळात गडबड थांबली.

"बाबा," ती म्हणाली, आणि आता तिच्या बोलण्यात चेष्टा राहिली नव्हती. "आई गेल्यावर दर पहिल्या रविवारी मी भेटीच्या खोलीत जाऊन बसत होते. तीन वाजता. मोठ्या मदर म्हणायच्या, तुझ्याकडे कुणी येणार नाही, स्वयंपाकघरात जा. मी म्हणायचे, पाच मिनिटं. पाच मिनिटांची साडेतीन व्हायची. चार वर्षं. समोर तुमची खुर्ची ठेवायला सांगायचे मी, आणि रिकाम्या खुर्चीकडे बघत बसायचे. तुम्ही सोमवारी यायचात. चाळीस माणसं घेऊन."

"जाळीतून बोलायचं नव्हतं मला तुझ्याशी! कैदी आहेस का तू?"

"जाळीतून निदान तोंड दिसतं हो. इथं काय दिसतं? लाकूड." तिनं पलीकडून कपाटावर हात आपटला असावा, ते थोडं फिरलं आणि थांबलं. "जाळी तुम्हाला कमीपणाची वाटली. आणि हे चाललं. चार लोकांत माझ्या नावानं विनोद करायला हे चाललं."

उत्तर नसलं की एलिओदोरो समोरच्याला मूर्ख म्हणे. आज तोंड उघडलं आणि नुसता वारा बाहेर आला. त्याला एकदम जाणवलं, की ती खुर्ची त्याला ठाऊक होती. ओब्दुलिया सांगायची त्याला त्या खुर्चीबद्दल, वेताची आहे म्हणून, एक पाय आखूड आहे म्हणून. तो वर्तमानपत्र पुढ्यात धरून बसायचा.

"पोरी," तो म्हणाला, "मी चुकलो."

हे तो इतकं हळू म्हणाला, की पायरीवरच्या विसीबाईला ऐकू गेलं नाही. पण कासिल्दाला गेलं असावं. पलीकडे तिनं नाक ओढलं.

"उद्या सहाला मोठं दार उघडणार आहे," ती म्हणाली. "सोर एमेतेरियांना उचलून गाडीत बसवावं लागेल. ड्रायव्हर एकटाच आहे. तुम्ही आलात तर बरं होईल. पण एकटे या. कुणाला काही दाखवायला, सांगायला येऊ नका. नुसते या. येणार असाल तरच मी वाट बघते, नाहीतर आता नको बाबा, आता मी थकले."

"येतो. शपथ घेऊन सांगतो."

"तुम्ही कुणाची शपथ घेणार?" ती हसली, रडता रडता. "जा. लोक खोळंबलेत तुमचे."

सपाता वाजत दूर गेल्या. एलिओदोरो भिंतीला हात लावून उभा राहिला. त्याला रडू येत होतं आणि ते कसं थांबवायचं ते त्याला माहीत नव्हतं, कारण सवयच नव्हती. त्यानं बाहीनं तोंड पुसलं आणि तो दारातून बाहेर आला. त्याच्यामागून काठी टेकत विसीबाई उठली.

बोळात सगळे त्याच्याकडे बघत होते. निम्मंअर्धं त्यांनी ऐकलं होतं. पुढे उभ्या असलेल्या एका टक्कल पडलेल्या गृहस्थानं विचारलं, "कोण होती हो ती आत?"

एरवी एलिओदोरोनं यावर काहीतरी जहरी ऐकवलं असतं. पण त्याच्यात आता खोटं बोलायचं त्राण नव्हतं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्याला वाटलं, की समोर कुणी का असेना, सांगून टाकावं.

"माझी मुलगी," तो म्हणाला. "अकरा वर्षांत मी तिला भेटायला गेलो नाही. उद्या ती लुगोला जातेय."

मागून एकजण ओरडला, "वा! काय रंगवलंय!" आणि त्यानं टाळी वाजवली. दुसऱ्यानं वाजवली. मग सगळेच वाजवू लागले. दगडापेक्षा हे भारी, म्हणाले. ननबाईनं पण काय काम केलंय, एकदम खऱ्यासारखं, म्हणाले. टक्कलवाल्यानं त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हटलं, "पैसे वसूल!" छताचा तो अरुंद बोळ टाळ्यांनी नुसता भरून गेला. एकटी विसीबाई वाजवत नव्हती. "गप्प बसा," ती म्हणत होती, "गप्प बसा रे, मेल्यांनो." पण तिचं ऐकतो कोण?

एलिओदोरो त्यांच्याकडे बघत राहिला. मग त्याच्या लक्षात आलं, आणि त्याचं तोंड पांढरं पडलं. बाहेर शिंकलं तरी आत ऐकू येतं.

तो वळला, विसीबाईला जवळजवळ ढकलून पडवीत घुसला आणि त्यानं घंटी ओढली. पुन्हा ओढली. पलीकडे सपाता वाजल्या नाहीत. दूर कुठेतरी दुपारच्या प्रार्थनेचं गाणं चालू झालं, चार म्हाताऱ्या आवाजांचं. तो कान देऊन उभा राहिला. पाचवा आवाज त्याला ऐकू येईना.

"नमो मारिया," तो म्हणाला. पुढचं त्याला आठवेना, इतक्या हजार वेळा ऐकूनही आठवेना. त्यानं दोन्ही हात कपाटावर टेकले.

"कासिल्दा, मी नाही त्यांना टाळ्या वाजवायला सांगितल्या. ऐकतेस ना? मी नाही सांगितल्या गं."

बाहेरून कुणीतरी विचारत होतं, जेवायचं कुठे ठरलंय.